एक घाटावरचं, एक घरचं

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याला नियम एकच आहे. प्रत्येकानं दोन चित्रं मांडायची: एक वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेच्या घाटावर बसून केलेलं, दुसरं त्याच जागेचं पण पुढच्या आठवड्यात घरी केलेलं. शाई, जलरंग, कोळसा, ऑइल पेस्टल, कागदाचे कपटे, काय हवं ते मिसळा. दोन्ही शेजारी शेजारी टांगायची आणि उभं राहून तीन मिनिटं बोलायचं. दीपप्रज्वलन, नारळ, अध्यक्षांचं मनोगत आणि मी वाचते तो हिशेब, हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. त्यानंतरच्या त्या तीन-तीन मिनिटांसाठी मी वर्षभर वाट बघते.

घाटावरच्या चित्रासाठी जानेवारीतल्या एका रविवारी साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून पहाटे साडेपाचला टेम्पो सुटतो. यादीत नावं तिसाच्या वर, टेम्पोत माणसं सतरा-अठरा. बाकीचे अकराला आपापल्या गाडीनं येतात, पिठलं-भाकरीला बसतात, ग्रुप फोटोत पुढं उभे राहतात. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी दर वर्षी सभेत बोलूनही दाखवते. साडेसातला कृष्णेवर धुकं असतं, घाटाचा काळा दगड जांभळट दिसतो, ओल्या पायऱ्यांत नाना फडणवीसांच्या वाड्याची भिंत उलटी उतरलेली असते. अकराला तोच दगड नुसता काळा. उशिरा आलेल्याला हे सांगून कसं कळणार?

घाटावर पिशवीत असेल तेवढंच माध्यम. शिवाय सकाळच्या दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाही. ओल्यावर पेस्टल फिरवलं तर ते चिकटत नाही, उलट कागद सोलतो. म्हणून आमचे सर आधी पेस्टलनं पाण्यावरची चमक आखून घेतात, मग वरून रंगाचा हात फिरवतात. तेलकट रेघ पाणी धरत नाही, चमक आपोआप पांढरी राहते. घरी हेअर ड्रायर असतो, पंखा असतो, टेबलावर सगळ्या बाटल्या उघड्या असतात, आणि तिथंच चित्र बिघडतं. हात थांबत नाही. माझंच सांगते: घाटावर निळा आणि तपकिरी मिसळून केलेला दगड जिवंत होता. घरी ट्यूबमधला काळा लावला, वर चारकोल, त्यावर पांढरा पोस्टर कलर. पायऱ्या डांबरी रस्त्यासारख्या झाल्या.

त्यामुळे जागेवरचं चित्र ते खरं चित्र, असं मी कित्येक वर्षं ठामपणे म्हणत आले. ते मत बदललं आमच्या बाईंमुळे. बाई शाळेत शिवण शिकवायच्या. गुडघे गेले तेव्हापासून त्या टेम्पोतून येतात, पण घाट उतरत नाहीत. वर सावलीत बसतात. एका वर्षी त्यांनी नातवाला पातळ कागद आणि कोळसा देऊन खाली पाठवलं. त्यानं पायरीवर कागद धरून कोळसा घासला, दगडाचा खडबडीतपणा जसाच्या तसा उमटला. वसईच्या 1739 च्या विजयानंतर इथं आलेल्या त्या पोर्तुगीज घंटेचं चित्र बाईंना काढायचं होतं. तिच्यावरची मेरी आणि बाळ येशू नातवानं पेन्सिलीनं टिपून आणले. बाईंनी घरी ते घासलेले कागद कात्रीनं कापले, खळीनं चिकटवून घाट रचला, वर बोरूनं शाईची घंटा काढली.

मेळाव्याच्या दिवशी बाई तीन मिनिटं बोलल्याच नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला खाली उतरता येत नाही, म्हणून पायऱ्या वर मागवल्या." मी हिशेबाची वही उघडून खाली बघत बसले, कारण डोळे भरून आले होते. त्या वर्षी त्यांच्याइतका खरा घाट घाटावर बसलेल्या आम्हा कुणालाच जमला नव्हता. आता निम्मे सभासद पायऱ्यांचे ठसे घेऊन घरी जातात. कोळशाचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून टेम्पोत फिक्सेटिव्हचा, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचा, डबा फिरतो.

आता आभार, आणि कुणी राहायला नको म्हणून सकाळपासून चिठ्ठी लिहिते आहे. पहाटे न कुरकुरता येणारे टेम्पोवाले दादा. पिठलं-भाकरी करणाऱ्या दोघी जावा. बाईंसाठी खुर्ची उचलून आणणारा शेजारच्या घरातला मुलगा. सभागृहात दोऱ्या बांधणारे, चिमटे मोजून परत करणारे कॉलेजचे विद्यार्थी. शाळेचे शिपाईमामा, जे रविवारी कुलूप उघडायला येतात आणि चित्रं बघितल्याशिवाय जात नाहीत. रंगाचं पाणी टाकायला बादल्या देणाऱ्या काकू, कारण नदीत ब्रश धुवायचा नाही हे सरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

आणि घाटावर कपडे धुवायला येणाऱ्या बायका. आम्हाला बसायला मिळावं म्हणून दर वर्षी त्या आपली पिळे घातलेली घमेली उचलून पलीकडच्या पायऱ्यांवर जातात. इतक्या वर्षांच्या अहवालांत त्यांचा उल्लेख कुठंच नव्हता. यंदा पहिल्या ओळीत घातला आहे.