पोथ्या फुकट का वाटत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर हा प्रश्न मी हसून टाळतो. "देवाधर्माचं काम करता, मग पैसे कसले घेता? वाटून टाका की फुकट!" सातारच्या एसटी स्टँडवर पोतं उचलू लागणाऱ्यापासून घरच्या पाहुण्यांपर्यंत सगळे हेच म्हणतात.

पहिल्या वर्षी फुकटच वाटल्या होत्या. दिवाळी झाली, भात घरात आलं की मी पोथ्या घेऊन निघतो. सातारा, कास, बामणोली आणि तिथून लाँचनं कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यात. धरणाचं पाणी चढलं तेव्हा इथली माणसं डोंगराला वर सरकली. तरणी पोरं मुंबईत, गावात म्हातारीकोतारी. त्या वर्षी एका देणगीदाराच्या पैशांतून हरिपाठाच्या दोनशे प्रती नेल्या. एका गावात देवळापाशी पन्नासांचा गठ्ठा सोडला, नमस्कार केला, फोटो काढला. पुढच्या वर्षी गेलो तर गठ्ठा देवळाच्या माळ्यावर, सुतळीसकट तसाच. अर्ध्याला वाळवी. या पट्ट्यातला पाऊस कागदाला काय करतो ते न पाहिलेल्याला कळायचं नाही. पण दोष पावसाचा नव्हता. कुणी मागितलंच नव्हतं, मीच टाकून आलो होतो.

तेव्हापासून पैसे घेतो. हरिपाठाचे दहा रुपये, शिवलीलामृताची छापील किंमत असेल त्याच्या निम्मे, ज्ञानेश्वरी हप्त्यानंही. पैसे नसतील तर पायलीभर नाचणी चालते. (नाचणी घरी नेली की बायको माझ्या धर्मकार्याविषयी जरा बरं बोलते.) पैसे द्यायचे म्हटलं की माणूस पोथी उघडून बघतो, अक्षर केवढं आहे ते विचारतो. पहिला प्रश्न नेहमी अक्षराचाच. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना बारीक टाइप काय कामाचा? म्हणून आता ठळक टाइपातल्याच पोथ्या नेतो. वजन दुप्पट होतं, खांदे दुखतात. गीता प्रेसच्या पोथ्या मुळातच स्वस्त, त्यामुळे निम्म्यातही फार खोट येत नाही. उरलेली खोट देणगीतून भरतो. म्हणजे देणगी घेतोच; फक्त ती माळ्यावर जाऊ देत नाही.

मोबाइलवर सगळं असतं, हेही ऐकतो. रेंज आली तर असतं. पण संध्याकाळी देवळात चार जणी एका पुस्तकाभोवती बसून 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' म्हणतात, तेव्हा पानावर बोट कुणाचं फिरायचं यावरून होणारी कुरबुर मोबाइलवर व्हायची नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. लाँचमधून उतरलो तर धक्क्यावर एक आजी बसलेली. मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं शिवलीलामृत, आदल्या वर्षी माझ्याकडूनच घेतलेलं. रामराम नाही, काही नाही.

"दादा, ही पोथी बदलून द्या."

"का गं आजी?"

"अकराव्या अध्यायात महानंदेच्या नृत्यशाळेला आग लागती, तितं पान संपतं. फुडं परत सौदागर यायच्या आधीचंच पान. आख्खा श्रावण मी आग इझवाया बसले."

छापखान्यात फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांची घडी, चुकून दुबार लागला होता. महानंदेचे माकड आणि कोंबडा पुढच्या जन्मी राजपुत्र आणि प्रधानपुत्र होतात ते पान नव्हतंच. आजीला गोष्ट तोंडपाठ होती, पण पोथीत नाही म्हणजे नाही. माझ्या पोत्यात त्या खेपेला शिवलीलामृताची एकच प्रत उरली होती, तीही दुसऱ्या गावच्या भजनी मंडळानं सांगून ठेवलेली. आजीनं ती तिथंच धक्क्यावर उघडून अकरावा अध्याय पानन् पान तपासला, आणि जुनी माझ्या हातात दिली.

"आणि दादा," ती म्हणाली, "गेल्या साली पैसं पुरं घेतलं हुतंत."

भजनी मंडळाची प्रत मी पुढच्या आठवड्यात लाँचवाल्याच्या हाती धाडली.