कंसाबाहेरचा वजा

म्हापशात मी आठवी-नववीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते आणि चाचणीचे पेपर हाती आले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "कंस सोडवण्याचा नियम मुलाला तोंडपाठ आहे, तरी उत्तर चुकते कसे?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

५क्ष − ३(क्ष − ४) ही राशी घ्या. पुष्कळ मुले ५क्ष − ३क्ष − १२ असे लिहून २क्ष − १२ वर येतात. कंसातल्या दोन्ही पदांना तीनने गुणायचे, हा वितरणाचा गुणधर्म त्यांनी पाळलेला असतो. मात्र तीनच्या आधीचा वजा त्यांना तीनचा वाटत नाही. कंसाला गुणणारी संख्या −३ आहे आणि −३ × −४ म्हणजे +१२. एवढ्याने भागत नाही, कारण ऋण गुणिले ऋण म्हणजे धन हेही त्यांच्या लेखी आणखी एक पाठांतरच असते.

म्हणून मी त्यांना शुक्रवारच्या बाजारात नेते, अर्थात फळ्यावरच. नारळ नगाला क्ष रुपये धरून मी पाच नारळांचे पैसे घेऊन निघाले. घासाघीस केल्यावर विक्रेतीने नगामागे ४ रुपये कमी केले आणि मी तीनच नारळ घेतले. माझ्याकडे दोन नारळांचे पैसे उरले, शिवाय वाचलेले १२ रुपये. क्षच्या जागी ४० घातले, तर २०० रुपयांतून १०८ जाऊन ९२ उरतात आणि २क्ष + १२ ची किंमतही ९२ च येते. मुलाच्या उत्तराने ६८ येतात. फरक २४ चा पडतो, कारण वाचलेले बारा तर गेलेच, वर पदरचे बारा गेले.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ८ आणि ४ असे खंड केले आहेत; २० पटीतून ८ पट वजा करण्याची रीतही दिली आहे: २७०० − १०८० = १६२०. वजाबाकीवरही वितरण चालते, हे पटवायला मला ही दुसरी रीत अधिक उपयोगी पडते.

"चिन्हे बदला" हे वाक्य मात्र मी वहीत लिहू देत नाही. −३ भोवती पेन्सिलीने गोल करायला लावते आणि शेवटी मूळ राशीत व उत्तरात एकच संख्या घालून ताळा पाहायला सांगते. शून्य घातल्यास केवळ स्थिर पद तपासले जाते, क्षच्या सहगुणकातली चूक निसटते. त्यापेक्षा १० बरे.