शिबिर संपलं, पत्ते परत आलेच नाहीत

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. कॉलेजच्या लॅबमधल्या ४० पैकी पहिल्या ३ कॉम्प्युटरना नेट मिळालं, बाकीचे ३७ कोरडे. ऑफिस आणि लायब्ररीत सगळं सुरळीत. गडबड एकाच खोलीत, म्हणून संशय लॅबच्या स्विचवर, म्हणजे खोलीतल्या सगळ्या केबल जिथे जोडलेल्या असतात त्या डब्यावर. मी पोचेपर्यंत तो दोनदा बंद-चालू करून झाला होता.

एका मशीनवर आयपीकॉन्फिग ही विंडोजची कमांड देऊन पाहिलं, तर मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता कुणी दिलेला नसतो. डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, उत्तर आलं नाही की विंडोज तो स्वतःच लावून घेतं, आणि गेटवे (बाहेर नेटकडे जायचं दार) नसल्यामुळे नेट चालत नाही. त्याच मशीनला पूलबाहेरचा, म्हणजे सर्व्हरने वाटायला ठेवलेल्या पत्त्यांपलीकडचा, १९२.१६८.१०.२० हा पत्ता हाताने दिला. गेटवेकडून पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, लगेच उत्तर आलं. केबल, पोर्ट, स्विच सगळं ठणठणीत.

पत्ता पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकून वायरशार्क हे नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारं सॉफ्टवेअर लावलं. पत्ता मिळण्याचा नेहमीचा क्रम असा: डिस्कव्हर (मशीनची सर्व्हरला हाक), ऑफर (सर्व्हर पत्ता देऊ करतो), रिक्वेस्ट (मशीन तो मागतं), ॲक (सर्व्हरचा होकार). इथे डिस्कव्हरमागून डिस्कव्हर जात होते, ऑफर एकही नाही. पूल रिकामा असला की विंडोजचा सर्व्हर नकारही कळवत नाही, नुसता गप्प बसतो. त्याच्या सोमवारच्या लॉगमध्ये मात्र १४ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती: पूल संपला.

पूल १९२.१६८.१०.५१ ते .२५०, म्हणजे २०० पत्ते. लीज, म्हणजे एकदा दिलेला पत्ता वापरायची मुदत, ८ दिवसांची. इन्स्टॉल करताना आलेला आकडा कुणी बदललाच नव्हता. सुट्टीत आवारात एक शिबिर झालं, ते शनिवारी संपलं, आणि शिबिरार्थींना वायफायचा पासवर्ड ऑफिसचाच दिलेला. फोन जाताना सहसा पत्ता परत करत नाही. तो घरी पोचला तरी पत्ता लीज संपेपर्यंत त्याच्याच नावावर. ऑफिसची मशीनं सुट्टीतही अधूनमधून चालू होती, त्यामुळे त्यांची लीज वाढत राहिली. लॅब अडीच आठवडे बंद होती, तिच्या लीज कधीच संपल्या होत्या आणि सुटलेले पत्ते फोनांकडे गेले होते.

आता लीज १ तासाची करून भागत नाही. आधी दिलेल्या लीजना नवा आकडा लागू होत नाही, त्या हाताने काढाव्या लागतात. कुठल्या काढायच्या? मॅक ॲड्रेसमधला, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणाच्या ओळख क्रमांकातला (त्यात ० ते ९ आणि ए ते एफ असे अंक असतात), दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनने स्वतः बनवलेला असतो; अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे आपोआप होतं. यादीत असलेच जास्त. त्यात स्टाफचे फोनही असणार, आणि झोपलेला फोन पिंगला उत्तर देईलच असं नाही. तरी सर्व्हरवर कॉन्फ्लिक्ट डिटेक्शन १ वर ठेवलं, म्हणजे पत्ता देण्याआधी तो एकदा पिंग करून बघतो. मग असल्या मॅकच्या लीज काढल्या. लॅबमध्ये आयपीकॉन्फिग रिन्यू केलं आणि पत्ते आले.

पाहुण्यांसाठी त्याच आठवड्यात वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच केबल-स्विचवर चालणारं पण स्वतंत्र नेटवर्क, केलं: १०.२०.०.०/२२, १०२२ पत्ते, लीज १ तास. पहिल्या चाचणीत फोन पत्ता मिळवण्यावरच अडकले, कारण त्या व्हीलॅनवर डीएचसीपी रिले टाकायचा राहिला होता. पत्त्याची मागणी हा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक, आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. रिले ती मागणी स्वतःचा पत्ता जोडून सर्व्हरकडे नेतो, आणि कुठल्या पूलमधून द्यायचं हे सर्व्हर त्या पत्त्यावरून ठरवतो.

लॅबच्या प्रिंटरला कुणीतरी .९३ हाताने दिलेला सापडला, म्हणजे पूलमधलाच. तो काढून प्रिंटर ऑटोमॅटिकवर टाकला आणि त्याच्या मॅकवर रिझर्व्हेशन केलं, म्हणजे सर्व्हर त्याला दर वेळी एकच राखीव पत्ता देईल.