समुद्रापासून दूर, जहाजाचे इंजिन

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी जहाजांची डिझेल इंजिने जोडण्याचे आणि त्यांची चाचणी घेण्याचे काम करतो. मुंबईचा किनारा इथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आमच्याकडे अथांग पाणी म्हटले की पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशयच, डोळ्यांसमोर येतो. म्हणून आयटीआयमधून आलेल्या नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, की ट्रक रस्त्यात बंद पडला तर मेकॅनिक गाठता येतो, पण भर समुद्रात आपण जोडलेल्या इंजिनावरच सगळ्यांचा जीव असतो.

जहाज 15 अंश कललेले असो किंवा लाटांवर 22.5 अंशांपर्यंत हेलकावत असो, मुख्य इंजिन चालत राहिले पाहिजे, असा नियम आहे. इंजिन कलले की तेलही एका बाजूला सरकते, आणि पंपाने तेलाऐवजी हवा ओढली तर बेअरिंग जळायला वेळ लागत नाही.

जोडणीत मला सर्वांत जवळचे वाटते ते क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, डिफ्लेक्शन (वाक) मोजण्याचे काम. क्रँकच्या दोन बाजूंच्या पोलादी हातांच्या, म्हणजे वेबांच्या, मध्ये डायल गेज हे काट्याचे मापक बसवायचे, शाफ्ट सावकाश फिरवायचा आणि पाच ठिकाणी रीडिंग घ्यायचे. तळाशी पिस्टनला शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आडवा येतो, म्हणून तिथे त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन रीडिंग घेतात. काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने हलतो. एवढा अजस्र पोलादी शाफ्ट, पण बेअरिंग एका रेषेत नसतील तर तोही वाकतो, आणि ते या काट्यालाच आधी कळते. शाफ्ट पुन्हा सुरुवातीच्या जागी आणल्यावर काटा शून्यावर परत आला नाही, तर मी आकडा लिहू देत नाही.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तेलाच्या नळीचे तोंड मी धागे न सुटणाऱ्या कापडाऐवजी हाती लागलेल्या सुती चिंधीने पुसले. टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चालवून पाहण्याच्या चौथऱ्यावर, अर्ध्या लोडला फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक वाढू लागला. इंजिन थांबवून फिल्टर उघडला, तर जाळीवर पांढरे सूत! आमचे ज्येष्ठ फिटर मामा ते चिमटीत धरून एवढेच म्हणाले, "हे इथं सापडलं म्हणून बरं." तेलाची सगळी लाइन धुऊन चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागली. त्या दिवसापासून नळीच्या उघड्या तोंडाला टोपण लावल्याशिवाय मी जेवायलाही जात नाही.

चाचणीत इंजिनावर लोड टाकून त्याची ताकद मोजणारा आमचा डायनामोमीटर पाण्यावर चालतो. ही युक्ती इंग्रज अभियंते विल्यम फ्राउड यांनी 1877 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या इंजिनांसाठी काढली. इंजिनाची सगळी ताकद पाण्यात जिरते आणि पाणी तापते. ते कूलिंग टॉवरमधून थंड करून पुन्हा वापरतात. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई अखेर जायकवाडीच्याच पाण्यातून होते, त्यामुळे गळणारा ग्लँड (शाफ्टभोवतीचे पाणी अडवणारे सील) मला पाहवत नाही. लोड 25, 50, 75, 100 आणि शेवटी 110 टक्क्यांपर्यंत चढवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणीला आलेल्या सर्व्हेयरसमोर एकेका सिलिंडरच्या एक्झॉस्टचे तापमान नोंदवले जाते.

इंजिन थांबल्यावर क्रँककेसची, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद कप्प्याची, दारे लगेच उघडायची नसतात, कारण आत तेलाची गरम वाफ कोंडलेली असते आणि हवा मिळाली तर तिचा स्फोट होऊ शकतो. ती निवेपर्यंत आम्ही बाहेर थांबतो. मग टॉर्च घेऊन मी आत वाकतो, बेअरिंगांवरून नजर फिरवतो आणि इंजिन गरम असतानाच डायल गेज पुन्हा दोन वेबांच्या मध्ये बसवतो.