एझेड९१: टी४ उरकलं, टी६ चालू

एझेड९१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या (त्यात अल्युमिनियम आणि झिंक असतं) ओतीव तुकड्यांचं सोल्युशनिंग, म्हणजे तापवून आतले घटक मॅग्नेशियममध्ये विरघळवणं, झालं. एवढंच केलं की टी४; त्यावर कमी तापमानाला बराच वेळ ठेवून ताकद वाढवली (एजिंग) की टी६. २६० अंश सेल्सिअसला माल भट्टीत ठेवला, तिथून हळूहळू चढवत ४१३ अंशांवर नेला आणि २० तास तिथेच धरला. चढ सावकाश का, तर कणसीमांवर, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांच्या सीमांवर, शेवटी गोठलेला, अल्युमिनियम आणि झिंक साठलेला भाग आधी वितळतो. घाईने तापवलं की आतून पोकळ्या पडतात. भट्टीत कार्बन डायऑक्साइड सोडलेला होता, बाहेर कोरड्या वाळूची बादली. नायट्रेटच्या सॉल्ट बाथचा विचारसुद्धा करू नका, मॅग्नेशियमबरोबर स्फोट होतो.

नायटलने (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) एच करून, म्हणजे पृष्ठभाग हलकासा खोदून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ओतीव तुकड्यात कणसीमांवर बीटा फेजचं (मॅग्नेशियम-अल्युमिनियमचं ठिसूळ संयुग) जाळं होतं, तुटक, जाडसर. टी४नंतर ते जवळजवळ पूर्ण विरघळलं. कण स्वच्छ दिसतात, मँगनीजचे बारीक ठिपके मात्र जसेच्या तसे. मला हा फोटो फार आवडला. ४३७ अंशांना मॅग्नेशियम सुमारे १२.७ टक्के अल्युमिनियम सामावून घेतं, त्यामुळे आपले ९ टक्के भट्टीच्या तापमानाला सहज मावतात. थंड झाल्यावर ती क्षमता खूप घटते आणि एजिंगला वाव मिळतो. पाण्यात विझवायची गरज पडली नाही, पंख्याच्या हवेवर भागलं.

ताकदीचं गणित गंमतीचं आहे. वाळूच्या साच्यातल्या ओतकामासाठी हँडबुकातले आकडे असे: ओतीव अवस्थेत ताणशक्ती सुमारे १६५ मेगापास्कल, टी४ला २७५. लांबणं २-३ टक्क्यांवरून १५च्या आसपास जातं. ठिसूळ जाळं गेलं, एवढ्यानेच हा फरक पडतो. टी६मध्ये ताणशक्ती तेवढीच राहते, यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) मात्र ९०वरून १४५वर चढतो आणि लांबणं ६ टक्क्यांवर येतं.

अल्युमिनियमची सवय असलेल्यांना ही वाढ तोकडी वाटेल. कारण एजिंगमध्ये तयार होणाऱ्या बीटाच्या पट्ट्या बहुतांशी बेसल प्रतलाला (स्फटिकातल्या अणूंच्या तळच्या सपाट थराला) समांतर वाढतात, आणि धातू वाकताना थरांची घसरणही मुख्यतः त्याच प्रतलावर होते. म्हणजे अडथळे रस्त्याला आडवे न पडता रस्त्याच्या कडेने झोपलेले. शिवाय पट्ट्या जाड आणि विरळ. कणसीमेपासून आत सरकणारे थरही दिसतात, पोलादातल्या पर्लाइटची आठवण करून देणारे. त्यांचा ताकदीला फारसा उपयोग नाही.

म्हणून एजिंगसाठी २१६ अंशांचा ५-६ तासांचा झटपट मार्ग सोडून मी १६८ अंशांवर १६ तास ठेवतोय. तापमान कमी असलं की पट्ट्या बारीक आणि दाट पडतात. वेळ जातो, पण जाऊ दे.

डायकास्ट (दाबाने धातूच्या साच्यात भरून ओतलेले) तुकडे मात्र या भट्टीत घालू नका. आत अडकलेला वायू फुगून पृष्ठभागावर फोड येतात.

यानंतर डब्ल्यूई४३ (इट्रियम आणि दुर्मिळ मृदा धातू घातलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू): ५२५ अंशांना ८ तास, मग २५० अंशांना १६ तास. त्यात प्लेट्स प्रिझमॅटिक प्रतलावर, म्हणजे बेसलला उभ्या तयार होतात. दोन्ही मिश्रधातूंचे कडकपणाचे आलेख एकाच कागदावर काढणार आहे.