तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला ग्रास कटर टिकतो का?

बेणणीचे दिवस आले, माणूस मिळेना, की हा प्रश्न ठरलेला: ५२ सीसीचा चायना ग्रास कटर घेऊ, की होंडा, स्टिलसारखा महागातला? पूर्वी मी डोळे मिटून म्हणायचो, महागातलाच घ्या. हल्ली तसं सांगवत नाही. कारण इंजिन स्वस्त आहे म्हणून जितकं मरतं, त्याहून जास्त डब्यातल्या पेट्रोलने मरतं.

कसं ते बघा. चायना कटरसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळं भरायचं नसतं, पेट्रोलात मिसळाल तेवढंच. बहुतेक चायना इंजिनांना लिटरला ४० मिली, स्टिलला त्यांचंच ऑइल वापरलं तर २० मिली. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढतं. सैल झाकणाचा अर्धा डबा पावसाळाभर पडवीत राहिला, वर पागोळीचं पाणी आत गेलं, की एका हद्दीनंतर पाणी-इथेनॉल मिळून तळाशी बसतं. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळाशीच पडलेला असतो, तो नेमकं खालचं ओढतो. नशीब असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. नसेल तर चालत राहतं आणि पिस्टन बोअरला, म्हणजे तो ज्या नळीत सरकतो तिला, धरतो.

सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून बोअरमध्ये बॅटरी मारा. पिस्टनवर चारी बाजूंनी ओरखडे असतील, तर ऑइल पोचलंच नाही. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त: कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलाय किंवा कार्बोरेटरमागचं पॅकिंग हवा खातंय. कार्बोरेटरच्या बाजूला असतील, तर एअर फिल्टरमधून धूळ गेली. यात ब्रँड कुठे आला?

येतो, थोडा येतो. स्वस्त इंजिनात बोअरचं प्लेटिंग एकसारखं नसतं, क्रँकची सीलं लवकर कडक होतात, कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) ताठरतो, बोल्ट ढिले होतात. पण ४४ मिमीचं पिस्टन किट तालुक्याच्या बाजारात मिळतं आणि मिस्त्री ते डोळे झाकून बसवतो. महागाच्या पार्टसाठी ऐन हंगामात थांबावं लागू शकतं.

ऑइल वेगळं भरायचं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या म्हणजे मिश्रणाची कटकट नाही, हेही अर्धंच खरं. होंडाच्या जीएक्स३५ मध्ये ऑइल जेमतेम १०० मिली. पहिल्या १० तासांनी बदलायचं, मग दर ५० तासांनी. तेवढ्यातलं थोडं कमी झालं तरी फरक पडतो, आणि ते बघतं कोण?

दोन एकराच्या बागेला कुणी स्वस्तातला घेतला तर आता मी हरकत घेत नाही. गडी रोज सहा तास चालवणार असेल तर हरकत अजून घेतो, कारण थरथर त्याच्या हाताला बसते. पण तो ऑइल कशाने मोजतो असं विचारलं, की उत्तर येतं: अंदाजाने.