करडा रंग काळ्या शाईच्या हाती: पावसाळी प्रिंटची प्रगती

माझ्या पावसाळी फोटोंपैकी मुंबई हायकोर्टाच्या भिंतीचं प्रिंट आता दगडासारखं दिसायला लागलंय! चाचणीला हाच फोटो धरलाय, कारण भिजलेला बेसॉल्ट जवळजवळ निव्वळ करडा असतो. लाल बसचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चालून जातं. करड्यावर हिरवट किंवा तांबूस झाक आली की डोळ्याला लगेच खुपते.

प्रोफाइल म्हणजे कोणत्या रंगाला कोणती शाई किती टाकायची हे सांगणारी फाइल. जुन्या प्रोफाइलमध्ये मधल्या छटांचा करडा सायन (निळसर), मजेंटा (गुलाबी) आणि पिवळ्या शाईतूनच बनत होता. कागदोपत्री तिन्ही सारख्या पडल्या की करडा यायला हवा. पण सायन शाई लाल प्रकाशाबरोबर थोडा हिरवा-निळाही शोषते, मजेंटा निळा बराच शोषते, आणि हाती येतो तपकिरी. ऑफसेट छपाईवाले मधल्या करड्याला सायन ५०, मजेंटा ४०, पिवळी ४० टक्के असा हिशेब धरतात तो यामुळेच. मुंबईच्या दमट हवेत हा तोल टिकवणं कठीण. कागद ओलावा धरतो, शाईचं पसरणं बदलतं, आणि तिघींतली एक जरी किंचित जास्त पडली तरी झाक फिरते.

नव्या प्रोफाइलमध्ये करड्याचं काम मुख्यतः काळ्या शाईला दिलंय. तिच्यातलं कार्बन सगळा दृश्य प्रकाश जवळपास सारखाच शोषतं. ती कमीजास्त पडली तर करडा फिका किंवा गडद होतो, रंग फारसा हलत नाही. दिवसाच्या उजेडात आणि रात्री एलईडीखाली प्रिंट वेगळं दिसण्याचा त्रासही यामुळे कमी झालाय.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. करडा फक्त दगडात नसतो, प्रत्येक मळकट रंगात असतो. ओव्हल मैदानाच्या कडेची हिरवी झाडं घ्या: हिरवा सायन-पिवळ्यातून येतो, मजेंटा तिथे निव्वळ तो दबवायला पडते. ते काम काळीला दिलं की पानांचा हिरवा प्रत्येक प्रिंटला तोच राहतो. शाईचा एकूण थरही कमी होतो, म्हणजे प्रिंट लवकर वाळतं. पावसाळ्यात याची किंमत वेगळी सांगायला नको.

गुटेनप्रिंट या प्रिंटर ड्रायव्हरमधून चारही शाया स्वतंत्र पाठवून रंगांच्या चौकोनांचा चार्ट छापला, मोजला, आणि अर्गिल या रंग जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोलप्रॉफमध्ये काळीचं प्रमाण वाढवून प्रोफाइल बनवलं. काळी कमाल ठेवली तर मात्र आकाशात आणि चेहऱ्यांवर बारीक दाणे दिसतात. फिक्या भागात काळा ठिपका लपत नाही. माझ्या मते काळी मधल्या छटांच्या जरा आधी हळूच सुरू करावी आणि सावल्यांकडे चढवत न्यावी. ज्यांच्या प्रिंटरला करडी शाई आहे, त्यांना ही तडजोड फारशी करावी लागणार नाही.

आता मॅट, म्हणजे बिनचकाकीचा कागद. त्याला मॅट ब्लॅक ही वेगळी काळी शाई लागते, म्हणून प्रोफाइलही नव्याने. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेला कागद सिलिका जेलसोबत बंद पिशवीत ठेवलाय. चार्ट छापून पुरता वाळला की मोजायला घेतो.